नखाला लागणारी वळी

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे प्रथमच सांगून टाकते. आयुष्यभर मी इतरांचे लिहिलेले तपासले, त्यावर लाल शाईने खुणा केल्या. स्वतः मात्र वनस्पतींच्या आकृत्यांखाली नावे घालण्यापलीकडे फारसे काही लिहिले नाही. त्यातून विषय असा निवडला आहे की ज्यांना मासेमारी कळते त्यांना माझे सांगणे पोरकट वाटेल, आणि ज्यांना ती कळत नाही त्यांना एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडेल. दोघांचीही क्षमा मागते. मात्र या प्रकरणातले एक कुतूहल इतक्या वर्षांनंतरही शमलेले नाही, आणि ते कोणापुढे तरी मांडावे असे वाटते.

सत्तरीच्या दशकात आम्ही सक्करदऱ्याला राहत होतो. घरात सासू-सासरे आणि मी. माझे पती बँकेत होते. त्या काळात त्यांची नेमणूक भंडाऱ्याला होती आणि ते शनिवारी घरी येत. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. चाळिशी उलटून गेली होती, आणि त्या वयात हाताला नवे काही शिकवायचे राहिले आहे असे मला वाटत नव्हते.

सासऱ्यांना आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी मामाजी म्हणत असे. ते अरुंद रुळांच्या छोट्या लाईनवर स्टेशनमास्तर होते. छिंदवाड्याकडच्या डोंगरातल्या लहान लहान स्टेशनांवर त्यांची उमेदीची वर्षे गेली. दिवसातून मोजक्या गाड्या आणि मधला सगळा वेळ मोकळा, असे ते काम. तिथे पूल तपासायला येणाऱ्या एका साहेबाने त्यांना खोट्या माशा बांधायला शिकवले. आपल्याकडे गळाला गांडूळ लावतात, नाहीतर कणकेची गोळी. मामाजी गळावर पिसे आणि रेशीम बांधून माशीसारखा किडा तयार करीत. तो पाण्यावर तरंगत सोडला की चिलवा नावाचे चंदेरी, बोटाएवढे मासे तो खरा समजून वर येत. निवृत्तीनंतरही थंडीच्या दिवसांत ते वेताची काठी घेऊन कन्हान नदीवर जात.

मग काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. अगदी पूर्ण नव्हे. खिडकीचा उजेड कळे, समोर कोणी उभे असले तर आकार कळे. डॉक्टरांनी सांगितले होते की गेलेले परत येणार नाही, आहे ते टिकवा. माशी बांधणे साहजिकच थांबले. आधीच्या बांधलेल्या माशा नदीत एकेक करून गेल्या, कुठे खडकात अडकली, कुठे बाभळीत. शेवटी एक उरली. ती त्यांनी औषधाच्या गोळ्यांच्या डबीत ठेवली आणि नदीवर जाणे बंद केले. काठी दाराच्या मागे उभी राहिली. मामाजी वऱ्हांड्यात बसू लागले, आणि हळूहळू तिथून उठेनासे झाले. जेवायला हाक मारली तरी "इथंच आण" म्हणत.

सासूबाईंना याचा फार राग येई.

"एक माशी उरली म्हणून नदीवर नाई जात," त्या मला ऐकू जाईल अशा बेताने त्यांना म्हणत. "बाप्पा, असं कुठं राहते का?"

"ते गेली तं मंग काय?" मामाजी विचारत.

"मंग काय म्हणजे? आता तरी काय आहे? खुर्ची झिजून राहिली, दुसरं काय."

मी यात पडत नसे. सून आणि सासरा यांच्यात चहा, वर्तमानपत्र आणि दिवा लावणे एवढ्यापुरतेच बोलणे व्हावे अशी घराची पद्धत होती. आणि खरे सांगायचे तर माझ्या बुजऱ्या स्वभावाला ती सोयीची होती.

एका सुटीच्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तेव्हा मामाजींनी डबी उघडली होती. ते माशी चिमटीत धरून तिच्या अंगावरून अंगठ्याचे नख पुढे-मागे फिरवत होते. मी चहा ठेवून परत वळायला हवे होते. त्याऐवजी मी विचारले, "मामाजी, मी पाहू का?"

त्यांनी मान वर केली. "पाहशील काय? डोळे मिट. नखानं पाह्य."

मी डोळे मिटले. गळाच्या दांडीवर, जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढ्या लांबीत, माझ्या नखाला बारीक बारीक कडा लागत गेल्या. जुन्या रुपयाच्या काठावरून नख फिरवावे तशा, पण त्याहून नाजूक. मग मी प्रयोगशाळेतले भिंग आणले. माशीचे पोट खऱ्या किड्याच्या पोटासारखे वळ्यावळ्यांचे होते आणि प्रत्येक वळीच्या काठावर एक पातळ, पारदर्शक कडा उभी राहिली होती. निसर्गाने केलेले असे काही मी भिंगाखाली अनेकदा पाहिले होते. माणसाने केलेले प्रथमच पाहत होते.

"कशाचं आहे हे?"

"पिसाचं. हंसाच्या."

त्यांनी मला हवेत बोटांनी पीस काढून दाखवले. पंखाच्या मोठ्या पिसाची एक बाजू रुंद आणि मऊ असते, दुसरी अरुंद. त्या अरुंद बाजूला कंगव्याच्या दातांसारखे ताठ, टोकदार काटे असतात. त्यातला एक सोलून काढायचा, टोकाकडून गळावर बांधायचा आणि पुढे गुंडाळत न्यायचा. "मी त्याले पाती म्हणतो. साहेब काय म्हणे, ते विसरलो."

"मला शिकवाल का?"

त्यांनी माशी परत घेऊन डबीत ठेवली. मग म्हणाले, "तुले कॉलेज आहे नं."

"संध्याकाळी नसतं."

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "कॉलेजात पानं चिरते, आता घरी पिसं चिरन. चिरू द्या."

सामान जमवण्यात काही दिवस गेले. गळ बाजारात मिळाले, रेशीम माझ्या जुन्या साडीच्या काठातून निघाले, आणि गळ घट्ट धरून ठेवणारा छोटा शिकंजा मामाजींच्या पेटीत होताच. माशीच्या मानेभोवती गुंडाळायला कोंबड्याचे पीस लागे, तेही मिळाले. प्रश्न होता हंसाचा. आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या बाई सिव्हिल लाईन्समध्ये मोठ्या आवाराच्या बंगल्यात राहत. त्यांच्याकडे राखणीला पांढरे हंस होते, बदकापेक्षा पुष्कळ मोठे आणि आल्यागेल्यावर मान लांब करून धावून जाणारे. बाईंनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून पिसे आणून दिली. पांढरी माशी चालणार नव्हती, म्हणून सासूबाईंनी चहाचा चोथा पुन्हा उकळून त्यात ती रंगवून दिली. सुंदर खाकी रंग आला. "हे माह्या देवघराजवळ सुकवू नोको," एवढीच त्यांची अट होती.

मामाजी शेजारी बसून सांगत आणि मी करी. पहिल्या पात्या गुंडाळताना उभ्या चिरत गेल्या. "कोरडी घेतली असन," ते आवाजावरूनच म्हणाले. "पाण्यात भिजव थोडा वेळ." भिजवल्यावर पाती चामड्यासारखी लवचीक झाली आणि निमूट गुंडाळली गेली. मला झालेला आनंद मी लपवला, पण तो आवाजात आला असावा. त्यांनी हात पुढे केला. नख फिरवले. पुन्हा फिरवले.

"चांगली झाली," ते म्हणाले. "पण गुळगुळीत आहे. वळी नाई."

मी भिंगातून पाहिले. खरेच, पोट वळ्यावळ्यांचे दिसत होते, पण रंगवल्यासारखे. काठ उभे राहिले नव्हते. प्रत्येक वेढ्याने मागच्या वेढ्याची पातळ कडा आपल्याखाली दाबून टाकली होती. त्यांच्या माशीत तीच कडा मोकळी राहून वर उठली होती.

आता माझ्यातली शिक्षिका जागी झाली. एक गोष्ट बदलायची आणि बाकी तशाच ठेवायच्या, हे मी वर्गात शिकवीत आले होते. मी पाती बदलल्या, पिसाच्या टोकाजवळच्या घेतल्या, मग मधल्या. ओढ कमी-जास्त केली. वेढे सुटे घातले. टोकाऐवजी पातीचा बुडखा आधी बांधून पाहिला. पोट बेढब जाड झाले. पातीची आतली बाजू बाहेर ठेवून गुंडाळली, तेव्हा काहीतरी उठले खरे, पण अंग निस्तेज दिसू लागले आणि पाती मध्येच फाटली. दर वेळी मामाजी नख फिरवत आणि दर वेळी अगदी हलक्या आवाजात सांगत, "नाई."

"मग तुम्ही कसं करत होता?"

"असंच. तू करते तसंच." त्यांनाही ते कोडे पडले होते. "मी कधी पाह्यलं नाई वं बाई. साहेब पिसं पाठवे, मी गुंडाळो. वळी येत होती."

नदीवर जाऊन साधी गुळगुळीत माशी टाकून पाहावी, असे मी एकदा सुचवले. त्यांनी मान हलवली. डोळ्यांनी माशी दिसत नव्हती. त्यांच्यासाठी ती नखाला लागणाऱ्या कडांचीच बनलेली होती. ज्या वस्तूची स्वतःला खात्री पटत नाही ती पाण्यावर टाकून, मासा ती खरी मानील अशी वाट पाहत बसणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. हे त्यांनी असे सांगितले नाही. ते म्हणाले, "मलेच खोटी वाटते तं त्याले काय वाटन?"

हिवाळा पुढे सरकत होता. चिलवा पाण्यावर येतो तो याच दिवसांत, हे त्यांच्या बोलण्यातून दोनदा आले. एका संध्याकाळी त्यांनी डबी माझ्यापुढे सरकवली.

"उकलून पाह्य."

"काय?"

"ही. उकल, म्हणजे समजन कशी गुंडाळली ते. मले काय, ते डबीतच राहते."

मी डबी हातात घेतली. ब्लेडचे एक टोक लावले असते तर बहुधा सगळे उलगडले असते. पण वर्षानुवर्षांची वाळलेली पाती उकलताना तुटणार, हे मला दिसत होते. आणि उकलल्यावरही मला काही कळले नाही तर घरात एकही माशी उरणार नव्हती. "डबीतच राहते" हे त्यांनी इतक्या सहज म्हटले होते की मला ते शब्द ऐकवेनात. मी डबी बंद करून त्यांच्या हातात परत दिली. "अजून थोडी पिसं आणते," मी म्हणाले.

पिसे आणायला गेले तेव्हा हंसांनी मला फाटकावरच अडवले. बाई काठी घेऊन धावत आल्या.

"अहो, पिशवी पुढं धरा, पिशवी. साडी सोडतील पण पिशवी नाही सोडायचे." हंसांना पिटाळून त्या मला आत घेऊन गेल्या आणि पिसांचे पुडके काढून ठेवले. "एवढी पिसं करता काय? उशी?"

"माशी." मी सगळे सांगितले. त्या हसतील असे वाटले होते, हसल्या नाहीत.

"ही बघा, कापलेली आहेत," मी विचारले, "गळलेली नाहीत?"

"गळलेली कुठं शोधत बसू? भिंतीवरून पलीकडे जातात मेले. म्हणून पंख छाटतो."

"दुखत नाही?"

"नखं कापल्यासारखं. आणि एकच पंख छाटतो आम्ही. दोन्ही छाटले तर तोल राहतो, तरी फडफडत भिंत ओलांडतात. एकच छाटला की एका अंगावर कलंडतात, मग नाद सोडतात."

मी पुडके घेऊन निघाले. या वाक्याचे महत्त्व माझ्या लगेच लक्षात आले नाही, हे कबूल करायला हवे. दोन दिवसांनी वर्गात वेलींचा पाठ होता. कोनफळाचा वेल आधाराला एका बाजूने वेढे घालतो आणि त्याच्याच कुळातला करांद्याचा वेल उलट्या बाजूने. कितीही सोडवून दुसरीकडे वळवला तरी वेल पुन्हा आपल्याच बाजूने जातो. हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढीत आले होते. त्या दिवशी दोन खांब काढून त्यांवर दोन वेल रेखाटले आणि खडू हातातच राहिला. डाव्या पंखाचे पीस आणि उजव्या पंखाचे पीस ही पायांतल्या दोन चपलांसारखी, एकमेकांच्या आरशातली असतात. माझ्याकडे आलेले प्रत्येक पीस एकाच बाजूच्या पंखाचे होते. साहेबाची पिसे दुसऱ्या बाजूची असणार, म्हणून तशाच गुंडाळण्यात त्यांच्या पातीची कडा मोकळी राही आणि माझ्या पातीची दाबली जाई. पंख बदलणे माझ्या हातात नव्हते, पण गुंडाळण्याची दिशा होती.

विद्यार्थिनींना वाटले, मी पुढचे विसरले.

संध्याकाळी मी पाती भिजवून बांधली आणि उलट्या बाजूने गुंडाळायला घेतली. आणि काय सांगावे, हात वळेना. पहिला वेढा घातला की दुसरा आपोआप पहिल्याच सवयीने जाई आणि सगळे सुटे. सासूबाई समोर तांदूळ निवडत होत्या. त्या माझ्या हातांकडे पाहत होत्या.

"उलटं काहून गुंडाळून राहिली वं?"

"उलटं म्हणजे?"

"म्हणजे इकडून." त्यांनी सुपावर बोट फिरवून दाखवले. "आतापर्यंत तं बरोबर गुंडाळत होती. वडाले गुंडाळतो तसं."

मी थांबले. शिकंज्यात गळ उभा करून त्याचे दोरा बांधायचे टोक वर आहे असे मनात धरले. खरोखरच, वटपौर्णिमेला हातात सुताची गुंडी घेऊन वडाभोवती जशी फिरत आले होते, तशीच माझी पाती त्या एवढ्याशा दांडीभोवती फिरत होती. प्रदक्षिणेच्या दिशेने. मला कोणी तसे सांगितले नव्हते, मी तसे ठरवलेही नव्हते. एकेक गोष्ट बदलून पाहणारी मी, ही एक गोष्ट बदलता येते हेच माझ्या लक्षात आले नव्हते.

"आणि वडाला उलटं गुंडाळलं तर?" मी विचारले.

सासूबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "मंग सात जन्म उलटे मोजा लागतीन."

वऱ्हांड्यातून मामाजींचा आवाज आला. "म्हणजे हाच शेवटचा असन माहा. गुंडाळ बाई, गुंडाळ."

"तुमाले ऐकू बरं येते," सासूबाई म्हणाल्या.

शेवटी मी डोळे मिटले, तेव्हा हात वळला. एकेक वेढा, अगदी सावकाश. रेशमाची गाठ मारून मी आधी स्वतःचे नख फिरवले. मग वऱ्हांड्यात जाऊन माशी मामाजींच्या तळहातावर ठेवली.

त्यांनी नख पुढे नेले. मागे आणले. मग डबीतली जुनी माशी काढली आणि एका हातात ती, दुसऱ्या हातात ही, असे करून दोन्हींवरून अंगठे फिरवत राहिले. सासूबाईंनी सूप खाली ठेवले होते.

"झाली," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "अजून बनव. एकच असली तं हे बी डबीत जाईन."

त्या आठवड्यात मी दर संध्याकाळी बांधत बसले. पती शनिवारी आले आणि रविवारी दुपारी आम्ही तिघे बसने कन्हानला गेलो. मामाजींनी कोट घातला होता. पाण्याच्या काठावर खडकांतून त्यांचा हात धरून नेताना ते मला थांबवत, कान देत आणि म्हणत, "अजून पुढं." ऊन कलले तशी पाण्यावर कुठे कुठे बारीक वर्तुळे उठू लागली. त्यांना ती दिसत नव्हती. पण मासा वर आला की एक टपटप असा आवाज येतो, तो ते ऐकत होते.

माशी मी दोऱ्याला बांधून दिली. त्यांनी काठी मागे नेली, पुढे सोडली. दुसऱ्या की तिसऱ्या फेकीत दोरा ताणला आणि सैल पडला. माशी पलीकडच्या खडकाच्या फटीत राहिली होती.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. माझे पती म्हणाले, "बाबा, मी जाऊन काढतो."

"राहू दे गा," मामाजी म्हणाले आणि मागे, माझ्या दिशेने, हात केला. "दुसरी दे."

मला वाटते, माझ्यापुरती ती गोष्ट तिथेच पूर्ण झाली होती. पण संध्याकाळ अजून उरली होती. आणखी एक माशी बाभळीने घेतली. एका माशीवर दोन चिलवे मिळाले, आणि त्यांच्या ओढीने तिची पाती सुटली. मी पुडीतून पुढची काढून दिली, तर मामाजींनी नख फिरवून पाहिले आणि हसले. "ही गुळगुळीत आहे." आधीच्या फसलेल्यांपैकी एक चुकून त्या पुडीत आली होती. मी परत मागितली. त्यांनी दिली नाही. "बांध. पाहू नं, काय म्हणते."

तिला मासा लागला. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा.

"आता?" मी विचारले.

मामाजी ओल्या हाताने तो चाचपत होते. "आता काय? त्याले नख कुठं असते."

त्यानंतर दोन-तीन हिवाळे ते नियमाने नदीवर गेले. जुनी माशीही इतरांसारखीच वापरात आली, आणि एकदा परतल्यावर डबी उघडली तर तीत ती नव्हती.

मामाजी आता नाहीत, सासूबाईही नाहीत, आणि मी मासे धरीत नाही. पण पाहण्याची एक खोड मात्र लागली. पुड्याला सुतळी गुंडाळणारा दुकानदार, वाती वळणाऱ्या बायका, पतंगाची चक्री भरणारे लोक, सगळ्यांच्या हातांकडे मी पाहत राहते. बहुतेकांचे हात वडाभोवतीच्याच दिशेने फिरतात, त्यात वडाला कधीही न गेलेले पुरुषही असतात. मग प्रदक्षिणेने हाताला ते वळण लावले, की हाताचे वळण आधी होते आणि प्रदक्षिणा त्यामागून आली? वेलींचे मला थोडेफार सांगता येते. माणसांचे येत नाही. म्हणून हे तुम्हालाच विचारते. एखादी काडी आणि हातभर दोरा घ्या, मनात काही न ठरवता गुंडाळून पाहा. तुमचा हात कोणत्या बाजूने वळतो?